तालुक्याच्या वेशीवर अडणारा फोन

2002-03 च्या सुमारास अनेकांच्या हातात असा एक मोबाइल आला, जो कायद्याच्या लेखी मोबाइल नव्हताच. सरकारी नाव ‘वायरलेस इन लोकल लूप’, बोलीत डब्ल्यूएलएल. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या तांब्याच्या तारेऐवजी रेडिओलहरी वापरायच्या, एवढीच मूळ कल्पना. पण तारच नाही म्हटल्यावर फोन घरात कशाला थांबेल? सीडीएमए या मोबाइलच्याच रेडिओ तंत्रज्ञानामुळे तो एका टॉवरवरून दुसऱ्यावर सहज सरकू शकत होता. परवाना मात्र लँडलाइनचा. म्हणून 2001 मध्ये सरकारने हद्द आखली: साधारण एका तालुक्याएवढ्या क्षेत्रातच फिरायचं. फोन पुढे चालू शकत असताना नेटवर्कनेच त्याला वेशीवर अडवायचं!

मोबाइल कंपन्या कोर्टात गेल्या. त्यांची तक्रार पोकळ नव्हती. त्यांनी परवान्यासाठी भरपूर पैसे मोजले होते. तीच सेवा दुसऱ्याने स्वस्त परवान्यावर का द्यावी? प्रकरण दूरसंचार लवादाकडून सर्वोच्च न्यायालयात आणि पुन्हा लवादाकडे गेलं. अखेर नोव्हेंबर 2003 मध्ये दोन्ही सेवांसाठी एकच परवाना आला आणि वेस पुसली गेली.

ती टिकणं अवघडच होतं. डिजिटल टेलिफोनीत आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजतात आणि प्रत्येक माप 8 बिटांत, म्हणजे आठ शून्य-एकांत, लिहितात, म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. (मोबाइलमध्ये ते दाबून आणखी कमी करतात.) एकदा आवाजाचे आकडे झाले की ते गाण्याचे, चित्राचे की बोलण्याचे, याने वाहून नेणाऱ्या तारेला काही फरक पडत नाही. कायद्याला पडत राहिला. 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेटवरून बोलायची मुभा मिळाली, पण अर्धवट: संगणकावरून अमेरिकेतल्या लेकीच्या घरचा फोन लावता येई, शेजारच्या गावातला नाही.

आज 4जीवरचा साधा कॉलही डेटाच्या पाकिटांतूनच, म्हणजे छोट्या तुकड्यांतूनच जातो, व्हॉट्सॲपचाही. तरी पहिल्याला परवाना लागतो, दुसऱ्याला नाही, आणि दूरसंचार कंपन्या ‘समान सेवा, समान नियम’ मागतात. मला हे सरसकट पटत नाही. परवान्याचं ओझं आधीच असतं, तर घरबसल्या लिहिलेली कितीतरी ॲप जन्मलीच नसती. पण एक फरक मला खरोखर खुपतो. संकटात साध्या फोनवरून 112 लागतो, व्हॉट्सॲपवरून लागत नाही. ॲपवाल्यांकडून काही मागायचंच असेल, तर सुरुवात तिथून करावी.