इस्रोत फक्त आयआयटीवालेच जातात?

"इस्रो आयआयटीवाल्यांचं, इंग्रजीवाल्यांचं. आपल्या पोरीचं काम नाही बाप्पा." यवतमाळकडच्या गावांत हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. परवा पऱ्हाटीच्या धुऱ्यावर पुन्हा ऐकलं. पोरगी शेजारीच होती, बोंडांनी ओरखडलेल्या बोटांत भौतिकशास्त्राची वही धरून.

हे खरं नाही. इस्रोचे माजी अध्यक्ष के. सिवन शेतकऱ्याचा मुलगा, गावच्या सरकारी शाळेत तमिळ माध्यमातून शिकलेले. आधी गणितात बीएस्सी, मग अभियांत्रिकी. 1982 मध्ये ते इस्रोत रुजू झाले आणि 2018 मध्ये अध्यक्ष.

अभियंत्यांच्या भरतीत कॉलेजचं नाव नाही, गुण बघतात: बीई-बीटेकला साधारण 65 टक्के, मग लेखी परीक्षा, मुलाखत. आयआयटीसारखी जेईई अॅडव्हान्स्ड लागते ती तिरुवनंतपुरमच्या, इस्रोशी जोडलेल्या अंतराळ संस्थेच्या (आयआयएसटी) बीटेकला. बहुतेक गैरसमज तिथूनच उठत असावा.

आणि आयटीआय! दहावीनंतर फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन झालेली मुलं इस्रोत तंत्रज्ञ म्हणून लागतात, डिप्लोमावाली तांत्रिक सहायक म्हणून. रॉकेटचे भाग घडवणारे, जोडणारे हातही लागतातच ना? तालुक्याच्या आयटीआयचा फॉर्म भरताना हे कुणीच सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जाहिराती इस्रोच्या संकेतस्थळावर निघतात. त्या पोरीच्या वहीवर मी तेवढं लिहून दिलं.