मनगटी घड्याळ : दैनंदिन वापर, डायव्हिंग आणि प्रवास

मनगटावर पट्ट्याने बांधून वापरावयाचे कालदर्शक यंत्र. प्रस्तुत नोंदीत त्याच्या अंतर्गत यंत्ररचनेपेक्षा निवडीचा विचार मुख्यत्वे केला असून रोजचा वापर, पाण्याखालील डायव्हिंग आणि दूरचा प्रवास या तीन प्रयोजनांसाठी घड्याळात काय पाहावे, हे ठाणे व नवी मुंबई येथील हवामान आणि राहणीमान लक्षात घेऊन मांडले आहे. खाडीकाठची दमट हवा, जून ते सप्टेंबरपर्यंतचा पाऊस, लोकलच्या गर्दीतील घाम आणि त्यानंतर लगेच लागणारी कार्यालयातील थंड कोरडी हवा, हे सारे एकाच दिवसात एकाच घड्याळाला सोसावे लागते. त्यामुळे येथील निवडीत जलरोध हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

उगम : मनगटी घड्याळाचा आरंभ नेमका कधी झाला याविषयी एकवाक्यता नाही. १५७१ च्या सुमारास रॉबर्ट डडली या सरदाराने इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला हातावर बांधावयाचे घड्याळ भेट दिल्याचा उल्लेख वारंवार आढळतो. तथापि त्याला आजच्या अर्थाने मनगटी घड्याळ म्हणणे धाडसाचे होईल. पॅरिसमधील अब्राहम-लुई ब्रेगे याच्या पेढीच्या वह्यांत नेपल्सची राणी कॅरोलिन म्यूरा हिने १८१० मध्ये मागणी नोंदविलेल्या आणि १८१२ मध्ये पूर्ण झालेल्या मनगटी घड्याळाची नोंद आहे. पाटेक फिलिप या स्विस पेढीने काउंटेस कोस्कोविच या हंगेरियन महिलेसाठी १८६८ मध्ये केलेले घड्याळ हेही पहिलेपणाचे दावेदार आहे. वस्तूला प्रमाण मानणारे १८६८ हे वर्ष धरतात, तर लेखी पुराव्याला महत्त्व देणारे १८१० कडे झुकतात. पेढीच्या वह्यांतील नोंद तपशीलवार असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. एकोणिसाव्या शतकात हा प्रामुख्याने स्त्रियांचा दागिना होता. पुरुषांच्या मनगटावर तो सर्रास आला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात.

जलरोधक घड्याळाच्या जनकत्वाचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. सर्वसामान्य समजुतीनुसार ते श्रेय रोलेक्स कंपनीच्या १९२६ मधील ‘ऑयस्टर’ या घड्याळाला दिले जाते. परंतु जिनीव्हाच्या फ्रांस्वा बोर्गेल याने आटे असलेल्या बंदिस्त केसचे, म्हणजे घड्याळाच्या बाहेरील धातूच्या कवचाचे, पेटंट १८९१ मध्येच घेतले होते, आणि अमेरिकेत डेपोलिए यांच्या कारखान्यात १९१८ च्या सुमारास जलरोधक मनगटी घड्याळे तयार झाली होती. चावी, म्हणजे वेळ लावण्यासाठी बाजूला असलेली फिरती कळ, आट्यांनी घट्ट बसविण्याची कल्पनाही रोलेक्सने पेरेगो व पेरे या दोघांच्या पेटंटचे हक्क घेऊन आपलीशी केली. ऑयस्टरचे खरे यश, चावी, काच आणि पाठ या तिन्ही वाटा एकाच वेळी बंद करून असे घड्याळ मोठ्या प्रमाणावर विकण्यात आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. मर्सिडीज ग्लाइट्झ या ब्रिटिश जलतरणपटूने हे घड्याळ मनगटावर बांधून इंग्लिश खाडी पार केली, ही कथाही तपासून घ्यावयास हवी. तिने खाडी पोहून पार केली ती ७ ऑक्टोबर १९२७ रोजी. घड्याळ तिच्यासोबत होते ते २१ ऑक्टोबरच्या दुसऱ्या प्रयत्नात. ते फितीने गळ्यात अडकविलेले होते आणि थंडीमुळे तो प्रयत्न पैलतीरापूर्वीच थांबवावा लागला. सुमारे दहा तास गार पाण्यात राहूनही घड्याळ चालू राहिले, हा भाग मात्र खरा आहे आणि कंपनीने त्याच्याच आधारे जाहिरात केली.

पाण्याखाली बुडी घेणाऱ्या माणसांसाठी, म्हणजे पाणबुड्यांसाठी, खास बनविलेल्या घड्याळाबाबतही असाच मतभेद आहे. ओमेगाचे दुहेरी केसचे ‘मरीन’ १९३२ चे, तर इटालियन नौदलासाठी पानेराईने केलेले नमुने १९३६ च्या सुमाराचे. आजच्या अर्थाचे, म्हणजे तबकडीभोवती फिरणाऱ्या कड्याचे डायव्हिंग घड्याळ १९५३ मध्ये आले. ब्लांपॅं कंपनीचे ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सचे ‘सबमरीनर’ ही दोन्ही त्याच वर्षाची मानली जातात. दुसरे जाहीर प्रदर्शनात आले ते १९५४ मध्ये. पहिल्याच्या नावातील पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. रॉबेर मालूबिए आणि क्लोद रिफो या फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या-सैनिकांनी आपल्या गरजा लिहून दिल्या आणि त्यांबरहुकूम हे घड्याळ घडले, ही बाब पाहता अग्रमान ब्लांपॅंकडे जाणे योग्य दिसते. कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या पाण्याखालील श्वसनयंत्रामुळे या घड्याळांना खरी मागणी आली, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

आकड्यांचा अर्थ : घड्याळाच्या पाठीवर ३०, ५०, १०० किंवा २०० मीटर असे लिहिलेले असते. हा आकडा प्रयोगशाळेत स्थिर पाण्याचा दाब देऊन ठरविलेला असतो. दर दहा मीटरला एक बार (दाबाचे एकक) असे त्याचे गणित आहे. साध्या जलरोधक घड्याळांना आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे २२८१० हे २०१० चे मानक लागू होते, तर डायव्हिंग घड्याळांना आयएसओ ६४२५, ज्याची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. दुसऱ्या मानकात किमान १०० मीटर, नमूद दाबापेक्षा २५ टक्के अधिक दाबाची चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणे आणि बुडीचा काळ मोजण्याची सोय या अटी आहेत. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारे पाणी आणि पावसाचे शिंतोडे, ५० म्हणजे फार तर सावकाश पोहणे, १०० म्हणजे निर्धास्त पोहणे, असे समजावे.

तीस मीटरचे घड्याळ तलावात टिकत नाही याचे कारण पोहताना हात जोराने फिरतो व त्यामुळे दाब कित्येक पटींनी वाढतो, असे सर्रास सांगितले जाते. हे स्पष्टीकरण गणिताला उतरत नाही. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरला तर वाढणारा दाब सुमारे ०.०२ बार, म्हणजे वीस सेंटिमीटर खोल पाण्याइतकाच असतो. सेकंदाला दहा मीटर या अशक्यप्राय वेगालाही तो ०.५ बारच्या पुढे जात नाही. खरी कारणे साधी आहेत. पाठ आणि चावीभोवतीचे रबरी वॉशर काही वर्षांत कडक होतात, तारीख बदलल्यावर चावी पूर्ण आत दाबली जात नाही, आणि गरम पाण्याने व साबणाने रबराची पकड सैल होते. म्हणून घड्याळावरच्या आकड्यापेक्षा वॉशरचे वय अधिक महत्त्वाचे आहे. दुर्दैवाने खरेदीच्या वेळी याची चौकशी फार थोडे लोक करतात.

पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरण्याची तक्रार येथे नेहमीची आहे, आणि पुष्कळदा बाहेरचे पाणी आत गेलेलेच नसते. ठाण्यातील जांभळी नाक्यावरील दुकानात जुलैच्या दुपारी सेल बदलताना पाठ उघडली, हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली, तर तीच हवा आत कोंडली जाते. तिचा दवबिंदू, म्हणजे हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २७ अंश असतो. असे घड्याळ वातानुकूलित लोकलच्या २४ अंशांच्या डब्यात आले की काचेच्या आतल्या बाजूला धुके जमते आणि थोड्याच वेळात तबकडी दिसेनाशी होते. सेल शक्यतो कोरड्या, वातानुकूलित जागी बदलून घेणे आणि त्याच वेळी वॉशर नवा घालून दाबचाचणी करविणे हा यावरचा उपाय. मानकातील चाचणीही समजण्यास सोपी आहे: घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या गरम पट्टीवर ठेवतात, मग काचेवर साध्या पाण्याचा थेंब मिनिटभर राहू देतात, थेंब पुसल्यावर आत धुके दिसले तर ते घड्याळ पाण्यात नेण्याजोगे नाही.

डायव्हिंग : ठाण्याची खाडी गाळाची आणि गढूळ असल्याने तेथे हौशी डायव्हिंग होत नाही. या भागातील हौशी मंडळी बहुधा मालवण-तारकर्लीला जातात व तेथील हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटरपर्यंतच असल्याने मानकाला उतरलेले २०० मीटरचे घड्याळ पुरेसे आहे. हेलियम बाहेर सोडणाऱ्या झडपेची गरज दाबकक्षात दिवसेंदिवस राहणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांनाच असते. पाण्यात उतरताना कड्यावरील त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतात. कडे एकाच दिशेने फिरते, त्यामुळे ते चुकून सरकले तरी उरलेला वेळ कमीच दिसतो, जास्त कधीच नाही. ही योजना जिवाच्या सुरक्षिततेशी निगडित असून तिची तपासणी दुकानातच हाताने करून घ्यावी. आता खोली व वेळेचा हिशेब डाइव्ह कॉम्प्युटर ठेवतो आणि घड्याळ जोडीला म्हणून असते.

प्रवास : दुसऱ्या देशाची वेळ दाखविणारी घड्याळे १९५० च्या दशकात पुढे आली. ग्लायसिनचे ‘एअरमन’ १९५३ चे आणि पॅन अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने केलेले ‘जीएमटी-मास्टर’ (जीएमटी म्हणजे ग्रीनिचची प्रमाणवेळ) १९५४-५५ च्या सुमाराचे. चोवीस तासांत एकच फेरी घेणारा काटा हे त्यांचे वैशिष्ट्य; एअरमनमध्ये तो मुख्य तासकाटाच असे, तर जीएमटी-मास्टरमध्ये तो जादा असतो. मात्र भारतीय प्रवाशाला येथे एक अडचण येते, जिचा परदेशी मार्गदर्शिकांत सहसा विचार नसतो. १ जानेवारी १९०६ पासून लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे (मुंबईत त्यानंतरही सुमारे १९५५ पर्यंत ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ पाळली जात असे). जीएमटी घड्याळातील तासकाटा पूर्ण तासाच्याच उड्या घेतो आणि मिनिटकाटा दोन्ही वेळांना सामाईक असतो. ठाण्यात सकाळचे साडेदहा वाजले असता लंडनमध्ये हिवाळ्यात पाच वाजलेले असतात. तासकाटा पाच घरे मागे घेतला तर साडेपाच दिसतात, आणि मिनिटकाटा जुळवला तर ठाण्याची वेळ अर्ध्या तासाने चुकते. यातून मार्ग निघतो तो फिरत्या चोवीसतासी कड्यामुळे. काटा ग्रीनिचच्या वेळेवर ठेवून कडे साडेपाच घरे फिरविले की काट्याचे टोक दहा आणि अकरा यांच्या मधोमध येते. त्यासाठी कडे अर्ध्या तासाच्या टप्प्याने फिरणारे हवे. केवळ चोवीस टप्प्यांचे कडे भारतीयाच्या उपयोगाचे नाही. अंकांच्या, म्हणजे डिजिटल घड्याळांतील जागतिक वेळेच्या यादीत दिल्ली असते आणि तेथे हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून अल्प किमतीत प्रवासासाठी तीच अधिक सोयीची.

यंत्राशिवाय एक युक्ती आहे. भारतीय वेळ लावलेले काट्यांचे घड्याळ उलटे धरले की ग्रीनिचची वेळ दिसते: दुपारच्या तीन वाजता ते साडेनऊ दाखविते. तासकाटा अर्ध्या तासाने मागे दिसतो आणि ब्रिटनच्या उन्हाळी वेळेत एक तास मिळवावा लागतो, पण अंदाजापुरते हे चालते. करावे येथील टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवाचे बंदर यांमुळे नवी मुंबई परिसराचा जहाजी पेशाशी जवळचा संबंध आहे. समुद्रप्रवासात घड्याळ वारंवार पुढेमागे करावे लागते. अशांनी तासकाटा स्वतंत्रपणे सरकणारे घड्याळ घ्यावे, म्हणजे प्रत्येक वेळी सेकंदांचा मेळ बिघडत नाही.

दैनंदिन वापर : रोजच्या वापरासाठी सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ सर्वांत कमी त्रासाचे असून महिन्याला सुमारे १५ सेकंदांपलीकडे ते सहसा चुकत नाही. चावीच्या व ऑटोमॅटिक घड्याळांत तेवढी चूक एका दिवसातही होऊ शकते. बंगळुरूच्या कारखान्यात १९६१ पासून सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तयार झालेली एचएमटीची चावीची घड्याळे, विशेषतः ‘जनता’, अनेक घरांत अजून चालू आहेत. त्यांना पाण्यापासून जपावे लागते. केस ३१६ एल या गंजरोधक प्रतीच्या स्टीलची असावी. मुलामा दिलेल्या पितळी केसचा मुलामा घामाने पाठीकडून आणि पट्ट्याच्या पिनांजवळ प्रथम निघतो. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात कुजतो व त्याला वास येतो, म्हणून त्या चार महिन्यांत रबरी किंवा नायलॉनचा पट्टा वापरावा आणि समुद्रस्नानानंतर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे.