फुफ्फुस पुनर्वसन
फुफ्फुस पुनर्वसन हा दीर्घकालीन श्वसनविकारांवरील उपचारक्रम असून त्यात श्वसनाचे प्रशिक्षण, चालण्यासारखे एरोबिक व्यायाम आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम यांचा समावेश होतो. सीओपीडीच्या (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या दीर्घकालीन आजाराच्या) रुग्णांना त्याचा सर्वाधिक लाभ होतो. फुफ्फुसांचा फायब्रोसिस (फुफ्फुसे कडक होणे), ब्राँकिएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणे), क्षयरोग बरा झाल्यावर मागे राहिलेली फुफ्फुसांची हानी आणि सिलिकोसिस यांतही तो उपयोगी पडतो. बडोद्याच्या संदर्भात सिलिकोसिसचा वेगळा उल्लेख करणे भाग आहे, कारण जवळच्या खंभातमध्ये अकीक दगड घासणाऱ्या कारागिरांना दगडाच्या बारीक धुळीमुळे हा आजार जडत आला आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धाप लागणाऱ्या रुग्णाला विश्रांतीचाच सल्ला दिला जाई. १९५० च्या दशकात अमेरिकेत डॉ. अल्व्हान बराच (Alvan Barach) यांनी अशा रुग्णांना चालवण्याचा पुरस्कार केला आणि पुढे या विचाराला बळकटी मिळत गेली. धाप लागते म्हणून रुग्ण बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात आणि क्षीण स्नायूंत थोड्या श्रमानेही लॅक्टिक आम्ल साचून धाप आणखी वाढते. नियमित व्यायामाने हे दुष्टचक्र तुटते. मात्र स्पायरोमेट्रीत (फुंकर मारून करायच्या श्वासचाचणीत) मोजली जाणारी फुफ्फुसांची क्षमता त्याने वाढत नाही. स्नायू सुधारल्याने तेच काम कमी श्वासांत होऊ लागते. ही गोष्ट रुग्णाला सुरुवातीलाच समजावून सांगणे अगत्याचे आहे, एरवी तपासणीतला आकडा जागचा हलला नाही म्हणून चांगला चालणारा माणूसही खचून व्यायाम सोडून देतो.

सीओपीडीमध्ये श्वास घेण्यापेक्षा सोडणे अधिक अवघड असते. आतली हवा पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घेतला जातो आणि छाती फुगलेलीच राहते. नाकाने सुमारे २ सेकंद श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून तो सुमारे ४ सेकंद सावकाश सोडला, तर आतला दाब टिकतो आणि लहान श्वासनलिका अवेळी मिटत नाहीत. बडोद्यातील दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या वस्तीतील घरांचे उभे जिने चढताना ही रीत विशेष कामी येते : पायरीवर थांबून श्वास घ्यावा आणि तो सोडत सोडत एक-दोन पायऱ्या चढाव्या. बादली उचलताना किंवा चपलेचा पट्टा लावायला वाकतानाही श्रमाच्या क्षणी श्वास सोडायचा असतो, कोंडायचा नसतो. धाप अनावर झाल्यास किंचित पुढे झुकून हात गुडघ्यांवर किंवा कठड्यावर टेकल्याने आराम पडतो. पोटाने श्वास घेण्याची पद्धत मात्र सरसकट शिकवू नये, कारण छाती फार फुगलेल्या रुग्णांत तिने श्रम उलट वाढू शकतात.

जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या संस्थांमुळे बडोद्यातील मराठी घरांत व्यायामाची परंपरा जुनी आहे आणि प्राणायामाचा सल्लाही बहुधा घरातूनच मिळतो. संथ श्वसन हिताचे असले तरी कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक हे प्रकार अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

तरीही या उपचाराचा कणा चालणे हाच आहे. आरंभी ३० मीटरच्या सपाट मार्गावर ६ मिनिटे चालवून अंतर मोजतात. पुढील चाचणीत त्यात सुमारे ३० मीटरची वाढ झाली तरी ती अर्थपूर्ण मानली जाते. चालण्याचा वेग ० ते १० च्या बोर्ग श्रेणीवर (रुग्णाने स्वतः धापेला द्यायच्या गुणांवर) धाप ४ ते ६ राहील असा ठेवतात. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर रक्तातील ऑक्सिजनचा आकडा ८८ टक्क्यांच्या खाली गेल्यास थांबून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सलग चालणे झेपत नसेल तर थोडे चालून थोडे थांबावे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८७९ मध्ये उभारलेल्या बडोद्यातील कमाटीबागेसारख्या ठिकाणी हे सहज साधते. हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो, म्हणून ऊन वर आल्यावर बाहेर पडावे. उन्हाळ्यात मात्र सकाळ लवकर गाठावी.

हा क्रम साधारणपणे ६ ते १२ आठवडे, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून किमान दोनदा चालतो. अस्थिर हृदयविकार असल्यास तो आधी आटोक्यात आणावा लागतो. आजार उफाळून रुग्णालयात राहावे लागलेल्यांनी घरी आल्यावर ४ आठवड्यांच्या आत व्यायाम सुरू केल्यास पुन्हा भरती होण्याची शक्यता घटते. व्यायाम सुटला की मिळवलेली ताकद वर्षभरात ओसरू लागते, म्हणून मुदत संपतानाच घरी करावयाच्या व्यायामाची आखणी रुग्ण आणि कुटुंबीय यांच्यासमोर बसून केली जाते.