सप्टेंबरात तळ्यावर कोण येतं? बेळगाव भागातल्या पाणपक्ष्यांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात स्थलांतरित पक्षी म्हटले की लोक दिवाळीनंतरच्या थंडीची वाट बघतात. खरं तर पहिली तुकडी गणपती-पितृपंधरवड्याच्या सुमारासच येऊन पोचलेली असते. पावसाने तळं तेव्हा काठोकाठ भरलेलं असतं, म्हणून बदकांचे थवे शोधणाऱ्याला ते रिकामं वाटतं. अशा वेळी नजर काठावर ठेवावी. बांधाच्या दगडावर सारखी शेपूट हलवत फिरणारी, खांद्यापाशी पांढरा पट्टा वर चढलेली तुतारी, म्हणजे पाणकाठचा एक छोटा पक्षी, दिसते. पिवळ्या पोटाचा करडा धोबी पक्षी दिसतो. बदकांमध्ये भुवई बदक सगळ्यांत आधी येतं, पण या दिवसांत नराची पांढरी भुवई उमटलेली नसते. नर-मादी सारखेच तपकिरी दिसतात आणि नवखा माणूस त्यांना ओळखत नाही.

या पाहुण्यांच्या लेखी नोंदींचा एक जुना धागा बेळगावच्या लष्करी छावणीपर्यंत जातो. ब्रिटिश फौजेतला अधिकारी ई. ए. बटलर इथे होता. दख्खन आणि दक्षिण मराठा मुलुखातल्या पक्ष्यांची त्याने केलेली यादी १८८१ साली ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्या काळी पक्षी बंदुकीने टिपून त्याचं कातडं जपत आणि मगच ओळख पक्की धरत. तरीही त्या याद्यांचं मोल मोठं आहे, कारण आज तुलना करायला दुसरं आहे काय? पक्षी नेमके कुठून येतात हे मात्र पायात क्रमांकाची कडी घालून त्यांना सोडायला लागल्यावरच नीट उलगडलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून ते काम मोठ्या प्रमाणावर केलं.

दरम्यान इथलं पाणीच बदललं. घटप्रभा नदीवर धुपदाळचा बंधारा झाला, नंतर हिडकलचं धरण. धुपदाळच्या पसरट पाण्यावर हिवाळ्यात करकोचे उतरू लागले आणि १९७४ मध्ये तिथे घटप्रभा पक्षी अभयारण्य जाहीर झालं. शेतीसाठी, पिण्यासाठी माणसाने अडवलेलं पाणी पक्ष्यांनी आपलंसं केलं, ही मला या इतिहासातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

गावतळ्यांची स्थिती वेगळी आहे. सुशोभीकरणात चारी बाजूंनी दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर) आणि फिरायचा रस्ता झाला की उताराचा चिखल संपतो. चोच खुपसून किडे-अळ्या टिपणाऱ्या तुताऱ्यांचं खाणं त्याच चिखलात असतं. पाणी तेवढंच राहतं, पण काठ त्यांच्या कामाचा उरत नाही. हा बदल सहज ध्यानातही येत नाही, कारण आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून होत असली तरी ती जानेवारीत होते. सप्टेंबरात दोन दिवस थांबून पुढे दक्षिणेला गेलेला पक्षी तिच्यात सापडत नाही. त्याची तारीख तळ्याकाठी राहणाऱ्यानेच टिपून ठेवायची असते.