टास्कपुरते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल

स्वयंचलित स्क्रिप्टमधल्या एकाच कामासाठी लावलेले आणि ते काम संपताच नाहीसे होणारे व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली नाव आणि किंमत (व्हॅल्यू) यांची जोडी. ‘पर्यावरण चल’ असे भाषांतर केले तर डोळ्यांपुढे झाडे येतात. सर्व्हर सांभाळणारी मंडळी नुसते ‘एन्व्ह’ म्हणतात.

नाव आणि किंमत यांच्या या जोड्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहेत. प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, सुरू होताना तिला पालक (तिला सुरू करणाऱ्या) प्रोसेसकडच्या जोड्यांची प्रत मिळते. त्या प्रतीत काहीही बदलले तरी पालकाला त्याचा पत्ता लागत नाही. टास्कपुरत्या व्हेरिएबलची सोय यातच आहे आणि डोकेदुखीही.

शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कमांडच्या आधी, त्याच ओळीत जोडी लिहिली की झाले. वेळ दाखवणाऱ्या ‘डेट’ कमांडच्या आधी ‘टीझेड’ या टाइम झोनच्या व्हेरिएबलला टोकियो दिले, की तेवढी ओळ जपानची वेळ सांगते, पुढचे ‘डेट’ पुन्हा आपल्या घड्याळावर. मात्र त्याच ओळीत छापणारी ‘एको’ कमांड आणि नावाआधी डॉलरचे चिन्ह वापरून ती किंमत छापायला गेले तर जुनीच दिसते, कारण डॉलरच्या जागी किंमत भरण्याचे काम शेल आधीच उरकून मोकळे झालेले असते.

अनेक सर्व्हरवरची कामे आपोआप करणाऱ्या, २०१२ मध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबलमध्ये यासाठी टास्कखाली ‘एन्व्हायर्नमेंट’ हा शब्द लिहून त्याच्या पोटात जोड्या देतात. नेहमीचा प्रसंग प्रॉक्सीचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी बोलणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरचा: बंदिस्त नेटवर्कमधल्या सर्व्हरवर बाहेरून पॅकेज उतरवायचे असते, तेव्हा तेवढ्याच टास्कला प्रॉक्सीचा पत्ता देतात, आतल्या सेवा तपासणारे पुढचे टास्क थेट जातात. हाच शब्द ब्लॉकवर (टास्कच्या गटावर) किंवा अख्ख्या प्लेवरही (टास्कच्या पूर्ण यादीवरही) चालतो. तेच नाव दोन्हीकडे असेल तर टास्कवरची किंमत लागू होते. नवखे लोक एका शेल टास्कमध्ये ‘एक्स्पोर्ट’ कमांडने व्हेरिएबल लावतात आणि पुढच्यात ते व्हेरिएबल शोधत बसतात. ते सापडणार कसे? तो शेल केव्हाच बंद झालेला असतो. लुकअप, म्हणजे बाहेरून माहिती आणणारी अ‍ॅन्सिबलची सोय, तर अ‍ॅन्सिबल जिथून चालवतात त्या नियंत्रक यंत्रावरच चालतात, त्यामुळे टास्कला दिलेल्या जोड्या त्यांना दिसतच नाहीत. अ‍ॅन्सिबलच्या फाइली ज्यात लिहितात त्या यॅमलची एक खोडही इथे नडते: अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले ‘येस’ प्रोग्रॅमच्या हाती ‘ट्रू’ होऊन पडते.

पासवर्डसाठी ही जागा बरी नव्हे. लिनक्सवर चालू प्रोसेसची एन्व्ह ‘प्रॉक’ डिरेक्टरीतून रूटला (सर्वाधिकार असलेल्या युजरला), तसेच त्याच युजरच्या इतर प्रोसेसना वाचता येते आणि अ‍ॅन्सिबल जास्त तपशील दाखवणारे तीन ‘व्ही’ लावून चालवले तर ती पडद्यावरही उमटते.