सानुग्रह अनुदान म्हणजे बोनस नव्हे

दिवाळी तोंडावर आली की बातमी ठरलेली: ‘पालिका कर्मचाऱ्यांना बोनस जाहीर’. परिपत्रकात मात्र शब्द असतो सानुग्रह अनुदान, म्हणजे कायद्याचं बंधन नसताना मंजूर केलेली रक्कम. पैसे खात्यात पडल्यावर शब्दाचा कीस कशाला काढायचा, असं वाटतं खरं. पण रक्कम अडली किंवा कमी आली की सगळं त्या एका शब्दावर येऊन ठेपतं.

बोनस हा कायद्याने दिलेला हक्क. 1965 च्या बोनस कायद्याने किमान 8.33 टक्के आणि कमाल 20 टक्के ठरवले. 8.33 टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणून ‘एक पगार’. मालकाला तोटा झाला तरी किमान बोनस चुकत नाही. एक अट अशी की वर्षात निदान 30 दिवस काम भरलेलं असावं. वर्ष 31 मार्चला संपत असेल तर 8 महिन्यांच्या आत, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत, पैसे द्यावे लागतात.

पण याच कायद्याच्या कलम 32 ने स्थानिक प्राधिकरणांचे कर्मचारी वगळले. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय वेतन संहितेत, म्हणजे वेतनाचे जुने कायदे एकत्र करणाऱ्या नव्या कायद्यात, गेला, तरी ही सूट कायम आहे. म्हणजे मुंबई महापालिकेच्या कायम कर्मचाऱ्याला कायद्याचा बोनस नाहीच. त्याला मिळते ती प्रशासनाने त्या वर्षापुरती मंजूर केलेली रक्कम: 2024 च्या दिवाळीला 29,000 रुपये, 2025 ला 31,000. टक्केवारी नाही, ठोक आकडा. त्यामुळे सफाई कामगाराच्या पगाराच्या मानाने ती मोठी आणि अधिकाऱ्याच्या मानाने किरकोळ. संघटना दरवर्षी 20 टक्क्यांची मागणी करतात, तो आकडाही बोनस कायद्यातलाच, जो त्यांना लागूच नाही. म्हणून इथे दावा चालत नाही, वाटाघाटी चालतात. वर्षाच्या मध्येच रुजू झालेल्याला किती, बिनपगारी रजेचे दिवस कसे धरायचे, वर्षात निवृत्त झालेल्याला काय, याची उत्तरं त्या वर्षीच्या परिपत्रकातच शोधायची. गेल्या वर्षीचं परिपत्रक पुढे करून उपयोग नाही.

खरा घोळ होतो कंत्राटी कामगारांचा. काम पालिकेचं, पण नोकरी कंत्राटदाराची. कंत्राटदार खासगी आहे, त्यामुळे त्याच्या आस्थापनेला कायद्यातल्या बोनसच्या तरतुदी लागू असतील तर बोनस त्यानेच द्यायचा. ‘पालिकेने जाहीर केलं, आम्हाला का नाही?’ हा प्रश्न वॉर्ड ऑफिसात विचारून हाती काही लागत नाही. मागणी कंत्राटदाराकडे करायची, तीही बोनसची.

हिशेबातही इथेच फसतात. जुन्या बोनस कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनुसार मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 21,000 पर्यंत असेल तर कामगार पात्र होता; घरभाडं त्यात धरत नसत. मोजणी मात्र पूर्ण पगारावर नव्हती, तर 7,000 रुपये किंवा त्या कामाचं किमान वेतन, यांतलं जे जास्त असेल त्यावर. समजा पगार 18,000 आणि किमान वेतन 15,000 आहे. मग 15,000 च्या 12 महिन्यांवर 8.33 टक्के म्हणजे 14,994 रुपये. कंत्राटदार 7,000 धरून 6,997 हातावर टेकवतो आणि ‘कायद्याप्रमाणे दिलं’ म्हणतो. ‘जे जास्त’ हे शब्द सोयीस्करपणे गळतात. शिवाय किमान वेतनातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, तेव्हा हिशेब महिन्यागणिक मांडावा. गैरहजेरीचे दिवस वजा होतात, म्हणून हजेरीपत्रकाची प्रत आधीच जवळ ठेवावी.

मुंबई पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकांचं आणखी वेगळं. त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. म्हणून दिवाळीच्या रकमेचं नाव भाऊबीज भेट. 2025 मध्ये ती 14,000 होती. नाव गोड, पण त्यात ‘तुम्ही कर्मचारी नाही’ हेही सांगून टाकलेलं असतं.

आयकराला मात्र बोनस आणि सानुग्रह अनुदान सारखेच. दोन्ही पगारातच धरतात, त्यामुळे करपात्र कर्मचाऱ्याच्या खात्यात पूर्ण 31,000 पडले नाहीत तर आधी पगारपत्रकातली कर कपात पाहावी. सण अग्रिम घेतला असेल तर तो वेगळा: ते कर्ज आहे, पुढच्या पगारांतून हप्त्याहप्त्याने कापलं जातं.