काकवी आणि शीरा: दोन्ही उसाचे, पण एक नव्हेत
इंदूरच्या मराठी घरांत थालीपिठाबरोबर काकवी हवीशी वाटते, पण बाजारात ती मागताना घोळ होतो. ‘गन्ने का शीरा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला साखर कारखान्यातली मळी कळते, नाहीतर जिलबीचा पाक. फारसीत ‘शीरा’ म्हणजे रस किंवा पाक. हिंदीने तो अर्थ ठेवला, आपल्याकडे तो रव्याच्या गोडात गेला.

काकवी गुऱ्हाळात होते. उसाचा रस काहिलीत उकळायचा, भेंडीच्या चिकट पाण्याने वर आलेला मळ काढायचा आणि १०५-१०६ अंश सेल्सिअसच्या आसपास काहील उतरवायची. तोच रस साधारण ११८ अंशांपर्यंत आटवला तर गूळ होतो. म्हणजे काकवीत उसाची सगळी साखर शाबूत असते. म्हणूनच ती सोनेरी-तांबूस दिसते आणि तिची गोडी तोंडभर राहते.

शीरा, म्हणजे मळी, हा याच्या उलट टोकाचा. कारखान्यात रस चुना आणि गंधकाच्या धुराने साफ करतात, निर्वात भांड्यात उकळून साखरेचे दाणे पाडतात आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रात ते वेगळे काढतात. उरलेला द्रव पुन्हा उकळतात, बहुधा तीनदा. शेवटी ज्यातून दाणे काढणं परवडत नाही ती मळी: काळीकुट्ट, कडवट, खारट. तिच्यातही निम्म्याच्या आसपास साखर उरलेली असते, म्हणून तर ती मद्यार्क, इथेनॉल आणि पशुखाद्यासाठी जाते. साखर निघून गेल्यामुळे उसातले क्षार तिच्यात दाटतात हे खरं. पण तेवढ्यावर टाकीतली मळी पौष्टिक म्हणून खाऊ नये. ती खाण्यासाठी बनवलेलीच नसते. बेकरीसाठी बाटलीत मिळणारं मोलॅसिस वेगळं, खाण्यायोग्य. तरी भाकरीवर ते काकवीची जागा घेत नाही.

गंमत म्हणजे काकवीच्या जवळचा कन्नड शब्द ‘काकंबी’ कारखान्याच्या मळीलाही वापरतात. तेव्हा नावापेक्षा वस्तू पाहावी. हिंदीत काकवीला सर्वांत जवळची ‘राब’, फक्त ती जास्त दाट आणि रवाळ असते. बाटली उजेडाकडे धरा: काकवीतून तांबूस झाक दिसते, मळीतून काही दिसत नाही. थंडीत काकवीच्या तळाशी साखरेचे कण बसले तर ती भेसळ समजू नका. बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात.